दिवा विझला, पण काम झाले का?

मोटारीला किल्ली लावली की डॅशबोर्डवरचे दिवे क्षणभर उजळतात आणि इंजिन सुरू होताच एकेक करून विझतात. एखाद्या सकाळी त्यातला एक विझत नाही. पान्याचे छोटे चित्र किंवा ‘सर्व्हिस’ अशी अक्षरे तशीच राहतात. सोलापुरात त्यानंतर बहुधा तीनपैकी एक गोष्ट घडते. काहीजण ‘कंपनीचा पैसे काढायचा धंदा’ म्हणून त्याकडे पाहणेच सोडतात. काहीजण ओळखीच्या मिस्त्रीकडे ऑइल बदलून घेतात आणि तरीही दिवा तसाच दिसला की गाडीत मोठा बिघाड झाला म्हणून धास्तावतात. काहीजण मोबाइलवर व्हिडिओ पाहून एक बटण दाबून धरतात, दिवा घालवतात आणि सहकुटुंब तुळजापूरच्या रस्त्याला लागतात.

तिघांचीही अडचण एकच आहे. तो दिवा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्यांना कोणी समजावून दिलेले नाही.

आरोग्याच्या सदरात मोटारीच्या दिव्याला जागा कशासाठी, असे कोणी विचारेल. महामार्गावर भर वेगात गाडी दगा देते तेव्हा तिचा हिशेब गॅरेजमध्ये मिटत नाही, रुग्णालयाच्या अपघात विभागात होतो. न जळालेले इंधन धुरावाटे बाहेर पडते ते शहराच्या फुप्फुसात जाते. आणि इशारा मिळाला की कारण शोधण्याऐवजी इशाराच बंद करण्याची जी सवय मोटारीत दिसते, तीच सवय माणसे स्वतःच्या शरीराबाबतही पाळतात.

दिवा म्हणजे दिनदर्शिका

देखभालीची आठवण करून देणारा दिवा बहुतेक गाड्यांत साध्या मोजणीवर चालतो. मागच्या वेळी मोजणी शून्यावर आणल्यापासून गाडी किती किलोमीटर धावली आणि किती दिवस लोटले, एवढेच तो जाणतो. आपल्याकडील अनेक पेट्रोल मोटारींसाठी ही मर्यादा १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी असते. काही महागड्या गाड्यांत संगणक इंजिनाचे तापमान, फेरे, थंड इंजिन किती वेळा सुरू केले वगैरे पाहून ऑइलचे उरलेले आयुष्य आकडेमोडीने काढतो. पण तोही बहुधा अंदाजच असतो. ऑइल खरोखर बदलले की नाही, हे मोजणी करणाऱ्या यंत्राला कळत नाही. कोणीतरी ‘बदलले’ असे सांगायचे आणि त्याने विश्वास ठेवायचा, अशी ही व्यवस्था आहे.

म्हणूनच बाहेरच्या मिस्त्रीने चोख काम करूनही दिवा लागलेला राहू शकतो आणि कोणीही हात न लावलेल्या इंजिनात तो विझलेला असू शकतो. लसीकरणाच्या कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असते, तसा हा दिवा आहे. कार्डावर खूण केली म्हणून लस टोचली जात नाही.

‘जे आधी येईल ते’ या शब्दांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. जुळे सोलापुरातून नवी पेठेपर्यंत आणि परत, असा रोजचा दहा किलोमीटरचा प्रवास धरला तर वर्षाला जेमतेम ३,६५० किलोमीटर होतात. ‘गाडी फिरलीच कुठे, ऑइल कशाला बदलायचे?’ हा युक्तिवाद इथे ऐकू येतो. पण छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. ज्वलनातून तयार झालेली वाफ आणि थोडे न जळालेले इंधन ऑइलमध्ये उतरते आणि ते उडून जाण्याइतकी उष्णता मिळत नाही. उलट दर आठवड्याला पुण्याला जाऊन-येऊन साधारण ५०० किलोमीटर चालणारी गाडी वर्षाला २६,००० किलोमीटरपर्यंत जाते. तिला वर्षात दोनदा, कधी तिसऱ्यांदाही सर्व्हिसिंग लागते. तिने ‘वर्षातून एकदा’ म्हणणे तितकेच चुकीचे.

इंजिन ऑइल फक्त चिकट तेल नसते. घर्षण कमी करणे, आतली उष्णता वाहून नेणे, काजळी धरून ठेवणे आणि ज्वलनातून तयार होणारे आम्ल मारणे, अशी कामे त्यात मिसळलेली रसायने करतात. ती हळूहळू संपतात. उष्णतेने ऑइलचे ऑक्सिडीकरण होते आणि ते दाट होत जाते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या, कोरड्या आणि धुळीच्या सोलापुरात हे ध्यानात ठेवायलाच हवे. हवेच्या फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ इंजिनाच्या आत पॉलिश पेपरसारखे काम करते. म्हणून बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत धूळ, उष्णता आणि छोट्या फेऱ्या असलेल्या वापरासाठी वेगळे, जवळच्या अंतराचे वेळापत्रक दिलेले असते. दिवा मात्र अनेकदा सर्वसाधारण वेळापत्रकावरच चालतो. तो लागण्याची वाट पाहणे आपल्या हवेत नेहमीच पुरेसे नसते.

आधी काम, मग बटण

मोजणी शून्यावर आणणे, म्हणजेच ‘रिसेट’ करणे, यात काही गैर नाही. काम पूर्ण झाल्यावर ते करायलाच हवे, नाहीतर पुढची आठवण चुकीच्या वेळी येईल. अनेक गाड्यांत इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करून ट्रिप मीटरचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. नव्या गाड्यांत ही सोय पडद्यावरच्या मेनूत असते. काही गाड्यांत मात्र स्कॅनर जोडल्याशिवाय हे होत नाही. प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी असल्यामुळे ग्लोव्ह बॉक्समध्ये कोरी पडून असलेली पुस्तिका हाच खरा मार्गदर्शक. दुसऱ्याच मॉडेलचा व्हिडिओ पाहून बटणे दाबत बसू नये.

बटणाला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले का? पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल घातले का? हवेचा फिल्टर, ब्रेकचे पॅड, कुलंट आणि टायर तपासले का? आणि तारीख व किलोमीटर कुठे लिहून ठेवले का? चौथी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तीच पुढे उपयोगी पडते. विझलेला दिवा मागचे काहीच सांगत नाही. वहीतली एक ओळ सांगते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो म्हणून निर्धास्त होऊ नये, कामाची बिले मागावीत.

महिन्यातून एकदा बोनेट उघडून ऑइलची पट्टी पाहणे हे कोणत्याही दिव्यापेक्षा भरवशाचे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, पट्टी पुसून पुन्हा घालावी आणि काढावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल काळे दिसले म्हणजे लगेच खराब, असे नाही. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे आणि डिझेल गाडीत ते लवकर काळे पडते. मात्र ते दुधाळ चहासारखे दिसू लागले, तर पाणी किंवा कुलंट मिसळल्याची शक्यता असते आणि गाडी तशीच दामटू नये.

सगळे दिवे सारखे नसतात

देखभालीच्या दिव्याकडे दुर्लक्ष करण्याचा मोठा तोटा वेगळाच आहे. त्या सवयीने इतर दिव्यांकडेही दुर्लक्ष होऊ लागते. डॅशबोर्डवरच्या रंगांना ठरलेला अर्थ आहे. हिरवा किंवा निळा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे. पिवळा म्हणजे लवकर लक्ष द्या. लाल म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा.

तेलाच्या चंबूचे लाल चित्र आणि पान्याचे पिवळे चित्र यांत अनेकांची गल्लत होते. पाना सांगतो, ‘ऑइल बदलायची तारीख आली.’ लाल चंबू सांगतो, ‘ऑइलचा दाब आत्ता, या क्षणी पडला आहे.’ पहिल्यासाठी काही दिवस मिळतात. दुसऱ्यासाठी काही मिनिटेसुद्धा जास्त ठरतात, कारण दाबाविना धातूवर धातू घासून इंजिन जाम होऊ शकते. हैदराबाद किंवा विजयपूरच्या महामार्गावर मागून मालट्रक येत असताना असे होणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. आत दाबाखाली असलेले कुलंट १०० अंशांच्याही वर गेलेले असते. झाकण सैल होताच वाफ आणि उकळते पाणी चेहऱ्यावर, छातीवर उडते. असे भाजलेच तर त्या जागेवर सुमारे २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. चेहरा भाजला असेल किंवा भाजलेला भाग मोठा असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा ही तिसरी जात. तो दिनदर्शिकेवर चालत नाही. धूर आणि इंधनाशी संबंधित संवेदकांना दोष आढळला की तो लागतो. भारतात अशी स्वयं-निदान यंत्रणा बीएस-४ मानकांसोबत २०१० पासून आली, २०१३ पासून तिचा अधिक कडक टप्पा लागू झाला आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ती आणखी बारीक नजर ठेवते. हा दिवा स्थिर असेल तर लवकरात लवकर तपासणी हवी. तो लुकलुकत असेल तर इंजिनात इंधन नीट पेटत नाही असे समजावे. वेग कमी करून थांबणे बरे, कारण न जळालेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळते. तो निकामी झाला की कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड थेट रस्त्यावर येतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात २०१९ मध्ये ज्या शहरांची हवा ठरलेल्या मानकांत बसत नाही म्हणून यादी झाली, तीत सोलापूरचेही नाव आहे. त्यात रस्त्याच्या धुळीचा वाटा आहेच, पण सात रस्त्याच्या सिग्नलवर थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या नाकाशी पुढच्या गाडीचा धूरच असतो. दमा असलेल्या मुलाच्या दृष्टीने तो पिवळा दिवा दुसऱ्याच्या गाडीत असला तरी त्याचाच प्रश्न आहे.

पुसलेला पुरावा

या पिवळ्या दिव्यावरही आता ‘उपाय’ निघाला आहे. बाजारात स्वस्त स्कॅनर मिळतात. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ते जोडून मोबाइलवरून दोषाचा कोड पुसता येतो. दिवा जातो, दोष तसाच राहतो आणि काही दिवसांनी दिवा परत येतो. त्याहून वाईट म्हणजे दोष घडला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे तापमान, त्यावरचा भार ही गाडीने टिपून ठेवलेली माहितीही कोडबरोबर पुसली जाते. मिस्त्रीला कारण शोधायला जो धागा हवा, तोच तुटतो. तपासणीआधीच मनाने अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या खाऊन आलेल्या रुग्णाच्या लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत, तसेच हे. आधी कोड वाचावा, लिहून घ्यावा, दुरुस्ती करावी आणि मग पुसावा.

टायरच्या हवेचा दिवा तर आणखी फसवा. काही गाड्यांत प्रत्येक टायरमध्ये दाब मोजणारा संवेदक असतो. पण काही गाड्यांत चाकांच्या फिरण्याच्या वेगातील फरकावरून अंदाज बांधला जातो आणि हवा भरल्यावर ‘रिसेट’ करून ‘हा दाब योग्य आहे’ असे गाडीला शिकवावे लागते. हवा कमी असतानाच ते बटण दाबले, तर गाडी तो कमी दाबच योग्य मानते. पुढचा इशाराही मग उशिरा येतो, किंवा येतच नाही. त्यात ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही’ हा आपल्याकडचा ठाम समज भर घालतो. वस्तुस्थिती उलटी आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, त्यामुळे जास्त तापतो आणि तापूनच फुटतो. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला दाब टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी तपासावा. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा झिजली असेल तर हवा कितीही योग्य असो, टायर बदलायला हवा.

आजाराची पातळी हीच सामान्य मानून घेण्याचा हा प्रकार बाह्यरुग्ण विभागात रोज दिसतो. ‘आमच्या घरात सगळ्यांचाच बीपी जरा जास्त असतो,’ असे म्हणणाऱ्याने आपले यंत्र कमी हवेवर रिसेट केलेले असते. गोळी घेऊन बीपी नियंत्रणात आला म्हणून गोळी बंद करणारा दिवा विझला म्हणून काम संपले असे समजतो. साखर तपासायच्या आधी दोन दिवस भात आणि गोड बंद ठेवून चांगला अहवाल मिळवणारे तर पुष्कळ. अशांची उपाशीपोटीची साखर फसते, एचबीए-१सी फसत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची नोंद त्यांच्यावर झालेली असते. उपाशीपोटीची साखर म्हणजे डॅशबोर्डवरचा दिवा आणि एचबीए-१सी म्हणजे ऑइलची पट्टी, असे म्हणायला हरकत नाही.

इशारे नकोसे का होतात?

दोष सगळा चालकांच्या माथी मारणे बरोबर नाही. अतिदक्षता विभागात दिवसभर यंत्रे वाजत असतात आणि त्यातल्या बऱ्याच आवाजांना काहीच करावे लागत नाही. मग कान सरावतात आणि खऱ्या धोक्याचा आवाजही त्या गोंगाटात हरवतो. वैद्यकशास्त्रात याला इशाऱ्यांचा थकवा म्हणतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१४ पासून या प्रश्नाला राष्ट्रीय रुग्णसुरक्षेच्या उद्दिष्टांत स्थान दिले. आजच्या मोटारीतही दार, पट्टा, वेग, टायर, सर्व्हिस असे सगळेच एकामागून एक पिंगत असतात. त्यात सर्व्हिसच्या बिलात न मागितलेली फवारणी, फ्लशिंग, कोटिंग घुसली की माणूस पान्याच्या दिव्याकडे संशयाने पाहणारच.

पण संशयाचे उत्तर इशारा मुका करणे हे नव्हे. त्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या आसनावरील दोघांचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर चर्चेत आली ती पट्ट्याच्या खाचेत अडकवून आवाज बंद करणारी छोटी क्लिप. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्री संकेतस्थळांविरुद्ध आदेश काढले आणि अशा क्लिपच्या १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. पट्टा लावायला दोन सेकंद लागतात. तो न लावता आवाज बंद करण्यासाठी माणसे पैसे मोजत होती! ऑइल न बदलता दिवा घालवणे हे याच मनोवृत्तीचे सौम्य रूप आहे.

काय बदलायला हवे?

पहिली जबाबदारी सर्व्हिस देणाऱ्यांची. गाडी परत देताना दोन मिनिटे काढून कोणता दिवा कशासाठी आहे हे दाखवावे, जुना फिल्टर समोर ठेवावा, गरजेचे काम आणि ऐच्छिक काम बिलात वेगळे लिहावे. छोट्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनीही ऑइल बदलल्यावर मोजणी शून्यावर आणणे हा कामाचाच भाग मानावा. नाहीतर काम नीट होऊनही ग्राहक खोट्या इशाऱ्यासह घरी जातो आणि इशाऱ्यांवरचा त्याचा विश्वास उडतो. कंपन्यांना मोजणी शेवटची कधी शून्यावर आणली ती तारीख पडद्यावर दाखवणे अवघड नाही. ती दिसू लागली तर वापरलेल्या गाड्यांच्या व्यवहारातली बरीच फसवणूक थांबेल. शिकाऊ परवान्यासाठी रस्त्यावरच्या खुणा पाठ कराव्या लागतात, तशाच डॅशबोर्डवरच्या दहा प्रमुख खुणाही मोटार ड्रायव्हिंग स्कूलनी शिकवाव्यात.

उरलेले काम मालकाचे. पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूरला निघण्याच्या आदल्या दिवशी टायरची हवा, ऑइलची पातळी आणि कुलंट पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. पान्याचा दिवा लागला तर घाबरू नये आणि टाळूही नये. वही काढावी, मागचे काम कधी झाले ते पाहावे, काम करून घ्यावे आणि शेवटी बटण दाबावे. वही सापडली नाही, तर काम झालेले नाही असे धरून चालणेच शहाणपणाचे. त्याच वहीच्या मागच्या पानावर घरातल्या प्रत्येकाचा बीपी, साखर आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहायला भरपूर जागा असते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या शरीराला डॅशबोर्ड नसतो आणि वाढलेला बीपी वर्षानुवर्षे एकही दिवा लावत नाही.